वाचता न येणारा उतारा

प्रश्न तसा क्षुल्लक होता. माझ्याकडे २००८ च्या सुमाराचा एक लॅपटॉप आहे. रोख पैसे मोजून घेतलेला. पावती अजून कपाटात आहे. शाळेचे अहवाल, प्रश्नपत्रिका, कधीमधी असला एखादा लेख, एवढेच त्याचे काम. गेल्या वर्षी त्यातले वायफायचे कार्ड गेले. बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याने दुसरे कार्ड आणून बसवले आणि यंत्र सुरू केले. पडद्यावर इंग्रजीत सूचना उमटली, तिचा भावार्थ असा की, हे कार्ड मान्यताप्राप्त नाही, ते काढा. पुढे काही केल्या यंत्र चालू होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, कार्ड चांगलं आहे. पण मशीन त्याला घरात घेत नाही. कंपनीच्या यादीत जी नावं आहेत तेवढीच चालतात."

घर माझे, पाहुणा माझा, आणि दारावरची यादी मात्र तिसऱ्याची! मी चिडलो, हे कबूल करतो. परंतु घरी येता येता चीड ओसरली आणि तिच्या जागी एक प्रश्न येऊन बसला. पैसे देऊन घेतलेली वस्तू आपली होते, ती नेमकी कोणत्या क्षणी? पावती मिळाल्यावर? ती वापरायला लागल्यावर? की तिच्या दारावरची यादी आपल्याला बदलता येऊ लागली म्हणजे?

आमचा एक माजी विद्यार्थी बंगळूरला संगणकाच्या क्षेत्रात आहे. दसऱ्याच्या सुटीत तो गावी आला तेव्हा भेटायला आला. त्याला हकीकत सांगितली. तो हसला. "सर, ही यादी एका चिपमध्ये असते. त्या चिपमधली आज्ञावली काढून आपण खुली आज्ञावली घालू शकतो. तुमचं यंत्र जुनं आहे म्हणूनच हे जमतं. नवं असतं तर मी हात जोडले असते." जुनेपणाचा फायदा झाल्याचे माझ्या पन्नाशीनंतरच्या आयुष्यातले हे विरळेच उदाहरण!

वाचकांपैकी अनेकांना या चिपची ओळख नसेल, म्हणून थोडे विषयांतर करतो. आमच्या शाळेत सकाळी सर्वांत आधी शिपाईमामा येतात. फाटक उघडतात, वर्गांची कुलपे काढतात, पाण्याची टाकी भरली आहे का पाहतात, मग घंटा देतात. मुख्याध्यापक म्हणून मी रुबाबात येतो तो त्यानंतर. संगणकातही असेच आहे. आपण बटण दाबले की विंडोज किंवा लिनक्स जागे होण्याआधी मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधली आज्ञावली जागी होते. ती स्मृतीला म्हणजे रॅमला कामाला लावते, कळफलक, पडदा, डिस्क यांची हजेरी घेते आणि मगच मोठ्या साहेबांच्या हाती कारभार देते. गंमत अशी की, रॅम जागी होईपर्यंत या आज्ञावलीला काही लक्षात ठेवायलाही जागा नसते. तेवढ्यापुरती ती प्रोसेसरच्या पोटातली इवलीशी जागा उसनी घेते. या पहाटेच्या आज्ञावलीला पूर्वीपासून बायॉस म्हणतात. व्यापक नाव फर्मवेअर. शाळेच्या सगळ्या किल्ल्या शिपाईमामांकडे असतात, तशा यंत्राच्या सगळ्या किल्ल्या हिच्याकडे.

१९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हा बायॉसची संपूर्ण आज्ञावली तांत्रिक माहितीपुस्तकात छापून दिली होती. कोणीही वाचावी, मात्र नक्कल करू नये, हक्क राखीव. पुढे इतर कंपन्यांनी ती कधीही न वाचलेल्या माणसांकडून तसेच काम करणारी आज्ञावली नव्याने लिहून घेतली, आणि हळूहळू हा सगळा मामला बंद दाराआड गेला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत, म्हणजे जिथे अणुबाँब घडला त्याच ठिकाणी, रॉन मिनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्सबायॉस नावाचा प्रकल्प सुरू केला. पुष्कळ संगणक एकत्र जोडून काम करायचे तर प्रत्येकाचा हा बंद शिपाई अडचणीचा होई. २००८ मध्ये त्या प्रकल्पाचे नाव कोअरबूट झाले. त्याच्यावरच आधारलेला लिब्रेबूट हा प्रकल्प २०१३ च्या अखेरीस निघाला. या आज्ञावल्या कोणालाही वाचता येतात, बदलता येतात, दुसऱ्याला देता येतात. कोअरबूटचे एक तत्त्व मला फार आवडले. आवश्यक तेवढेच काम करायचे आणि लगेच कारभार पुढच्याच्या हाती सोपवून बाजूला व्हायचे. संस्थाचालकांनी ते आपल्या कार्यालयात लावून ठेवावे.

अष्टमीच्या रात्री आमच्या माजघरात शस्त्रक्रिया झाली. बॅटरी काढली, चार्जर दूर ठेवला. कळफलक आणि हात टेकायची पट्टी काढल्यावर ती चिप दिसली. काळी, सोळा पायांची, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. तिची क्षमता अवघी ८ मेगाबाइट. हल्ली मोबाइलवर काढलेले मोजकेच फोटो त्यात मावतील. त्याने तिला एक चिमटा लावला, चिमट्याच्या तारा रास्पबेरी पाय नावाच्या पत्त्याच्या कॅटएवढ्या संगणकाला जोडल्या आणि आधी जुनी आज्ञावली वाचून तिची प्रत काढून घेतली. मग परत एकदा वाचली. दोन्ही प्रती अक्षर न् अक्षर जुळतात का, हे ताडून पाहिले. पहिल्यांदा जुळल्या नाहीत. चिमटा जरा तिरका बसला होता. चिमटा सारखा करून पुन्हा वाचल्या तेव्हा जुळल्या. "जुनं नीट जपून ठेवल्याशिवाय नवं लिहायचं नाही सर," तो म्हणाला. हे वाक्य मी त्याला कधीकाळी इतिहासाच्या तासाला शिकवले असावे, अशी माझी समजूत मी करून घेतली.

आणखी एक गोष्ट त्याने जपली. तारेने जाळ्यात जोडताना यंत्राची ओळख पटावी म्हणून त्याला बारा अंकाक्षरांचा एक क्रमांक असतो. माझ्या यंत्रात तो त्याच चिपमध्ये होता. नवी आज्ञावली घालताना तो पुसला गेला असता आणि तिथे कोणाचाही चालेल असा सर्वसाधारण क्रमांक आला असता. त्याने तो टिपून नव्यात घातला. धनी बदलला तरी यंत्राचे नाव राहिले. मग लेखन सुरू झाले. या वेळी वीज गेली असती तर लॅपटॉप म्हणजे निव्वळ पाट झाला असता. चिमटा लावून पुन्हा लिहिता येते, हे मला नंतर कळले; त्या दहा मिनिटांत माझा जीव टांगणीला लागला होता. अखेर यंत्र सुरू झाले. नाकारलेले कार्ड त्याने मुकाट्याने घरात घेतले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सौ.ने विळी, कात्री, पाना यांच्याबरोबर लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहिले. हात जोडता जोडता तिने विचारले, "अहो, आता जे आत घातलंय ते सगळ्यांना वाचता येतं म्हणता. तुम्हाला येतं का वाचता?"

मला येत नव्हते. लक्षावधी ओळी, सी नावाच्या भाषेतल्या. त्यातली एकही मला कळत नाही. काल बंद आज्ञावली होती, ती मी वाचू शकत नव्हतो. आज खुली आहे, तीही मी वाचू शकत नाही. मग काल आणि आज यांत फरक काय पडला? एका परक्यावरचा विश्वास काढून दुसऱ्या परक्यांवर ठेवला, एवढेच ना? प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर मला संगणकात सापडले नाही. ते सापडले एका जुन्या कागदात.

आमची थोडी शेती आहे. तिचा उतारा, सीमाभागातल्या सगळ्यांचाच असतो तसा, कन्नडमध्ये. माझे वडील मराठी चौथी शिकलेले. कन्नड बोलत, पण त्यांना लिपी येत नसे. सोसायटीचे कर्ज त्यांनी फेडले आणि उताऱ्यावरची नोंद कमी झाली का, हे एका ओळखीच्या कारकुनाला विचारले. तो कागदावर नजर टाकून म्हणाला, "झालंय सगळं, जा बिनघोर." वडील बिनघोर राहिले. मी तेव्हा सातवीत होतो आणि शाळेत कन्नड शिकत होतो. एके दिवशी नवी विद्या दाखवण्याच्या उत्साहात मी तो कागद मोठ्याने वाचू लागलो. एका रकान्यावर 'ऋणगळु' असे लिहिले होते. लिपी वेगळी, शब्द आपलाच: ऋण. आणि त्याखाली सोसायटीचे नाव, रक्कम, जशीच्या तशी. वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. कारकुनाने लबाडी केली की नुसता आळस, ते कधी कळले नाही. पावत्या घेऊन वडिलांनी कचेरीच्या पाच-सहा खेपा घातल्या, तेव्हा ती नोंद गेली.

सौ.च्या प्रश्नाचे उत्तर या प्रसंगात आहे, असे मला वाटते. वडिलांना उतारा वाचता येत नव्हता, आणि शेवटपर्यंत आला नाही. तरीही तो कागद त्यांच्या हातात होता. त्यामुळे एकाने वाचून दाखवलेले पटले नाही तर दुसऱ्याकडून, तिसऱ्याकडून, अगदी सातवीतल्या पोराकडून वाचून घेण्याची सोय त्यांना होती. उतारा कचेरीतच कुलूपबंद असता आणि 'झालंय सगळं' हे एकट्या कारकुनाचेच शब्द बाहेर आले असते, तर ते ऋण आमच्या माथी आजही असते. वाचता येणे ही एक गोष्ट. आपल्यासाठी कोणी वाचायचे, हे आपण ठरवणे ही दुसरी. सगळ्यांना सगळे वाचता येणार नाही. माणसाला आयुष्यात असंख्य गोष्टींसाठी दुसऱ्यावर विसंबावेच लागते. डॉक्टरवर, वकिलावर, पुलाच्या इंजिनिअरवर. परंतु विसंबायचे कोणावर, हे निवडण्याचा आणि निवड चुकली तर बदलण्याचा हक्क गेला, की त्या विसंबण्याला विश्वास म्हणता येत नाही. ती नाइलाजाची सोय असते.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. कंपन्या म्हणतात, कुलूप तुमच्याच भल्यासाठी आहे. फर्मवेअर कोणालाही बदलता आले तर चोरालाही बदलता येईल. हॉटेलच्या खोलीत विसरलेल्या लॅपटॉपमध्ये कोणी हेर बसवून ठेवला तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. हे खरे आहे. उघडे दार सज्जनाला आणि दुर्जनाला सारखेच उघडे असते. म्हणून कुलूप नको, असे मी म्हणणार नाही. मी विचारतो ते एवढेच की, किल्ली कोणाकडे? गुगलच्या क्रोमबुक नावाच्या लॅपटॉपांत कोअरबूटच असते. त्यांतल्या जुन्या काही यंत्रांत फर्मवेअरच्या रक्षणासाठी मदरबोर्डवर एक साधा स्क्रू बसवलेला असे. तो असेपर्यंत दुरून कोणालाही फर्मवेअरचा मूळ भाग बदलता येत नसे. मालकाने यंत्र उघडून स्क्रू काढला, की त्याला मोकळीक. कुलूपही राहिले आणि मालकीही. कंपनीला मनात आणले तर हे जमते, याचा हा पुरावा.

उलट, जे कुलूप दिसतच नाही त्याचे काय? गेल्या वीसेक वर्षांतल्या इंटेलच्या बहुतेक संगणकांत मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक वेगळा छोटा संगणक असतो. मुख्य संगणक बंद असतानाही वीज मिळत असेल तर तो जागा राहू शकतो. शाळेच्या आवारात रात्री वस्तीला असलेला, स्वतःची किल्ली असलेला आणि मुख्याध्यापकाला कधी न भेटलेला माणूसच हा! त्याच्या अलीकडच्या आवृत्तीत आपली मिनिक्स ही प्रणाली वापरली आहे, हे तिचे जनक प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांना कळले ते २०१७ मध्ये, तेही इतरांनी शोधून काढल्यावर. मुक्त परवान्यामुळे कंपनीला विचारण्याचे बंधन नव्हते. त्यांनी कंपनीला खुले पत्र लिहिले. त्यांची अपेक्षा एवढीच होती की, सौजन्य म्हणून निदान कळवायचे. त्याच वर्षी या भागात गंभीर त्रुटी असल्याचे जाहीर झाले आणि दुरुस्त्या द्याव्या लागल्या. माझ्या यंत्राच्या पिढीत हा भाग साफ काढून टाकता येतो, आणि तो आम्ही काढला. नंतरच्या पिढ्यांत तो पुरता काढला तर यंत्र अर्ध्या तासाने आपोआप बंद पडते.

म्हणजे माझे यंत्र आता शुद्ध झाले का? नाही. प्रोसेसरच्या आत कारखान्यातच घातलेली मायक्रोकोड नावाची आज्ञावली आहे, ती बंद आहे. बॅटरी आणि कळफलक सांभाळणाऱ्या चिपची बंद आहे. डिस्कची स्वतःची आज्ञावली बंद आहे. इथे मुक्त आज्ञावलीवाल्यांतही मोठा वाद आहे. काही जण म्हणत, मायक्रोकोडची कंपनीने दिलेली दुरुस्ती बंद आहे, म्हणून ती घ्यायची नाही. पण आत बसलेला मूळ मायक्रोकोड तरी कुठे खुला आहे? तो चालतो, आणि त्याच्या चुका सुधारणारी दुरुस्ती तेवढी चालत नाही! मला आमच्या आजीचे सोवळे आठवले. विहिरीचे पाणी कोणी शेंदले ते ती पाही. विहिरीत काय आहे ते पाहत नसे. लिब्रेबूटने २०२२ मध्ये आपले धोरण बदलले. बंद भाग शक्य तितका कमी करायचा, पण त्यापायी बहुसंख्य लोकांना दाराबाहेर ठेवायचे नाही, असे ठरवले. कडव्यांना ते रुचले नाही. मला ते शहाणपणाचे वाटते. केन थॉम्सन या थोर संगणकतज्ज्ञाने ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात, जे १९८४ मध्ये छापले गेले, दाखवून दिले होते की, आज्ञावलीचा मूळ मजकूर निर्दोष दिसला तरी तो यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधनच फितूर असू शकते. तेव्हा संशयाला तळ नाही. तळ गाठता येत नाही म्हणून विहीर उपसूच नये, असे मात्र यातून निघत नाही. सोवळे पूर्ण होत नाही. स्वच्छता वाढवता येते.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर लेख सुखाने संपला असता. कंपन्या दोषी, मी शहाणा. पण त्याच सुटीत एक गोष्ट मनात टोचू लागली.

आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून गरजू मुलांसाठी एक छोटा निधी आहे. कोणाला मदत द्यायची, हे गेली अनेक वर्षे मीच ठरवतो. एक वही आहे, ती माझ्या खणात असते. त्या जूनमध्ये एक गवंडी पालक आले होते. त्यांच्या मुलीचे नाव यादीत नव्हते. त्यांनी भांडण केले नाही. टोपी हातात घेऊन एवढेच म्हणाले, "नियम काय हाय तेवढं सांगा सर. कुठं कमी पडलो ते कळंल." मी त्यांना म्हटले होते, "माझ्यावर विश्वास ठेवा. अन्याय होणार नाही." ते नमस्कार करून गेले. 'झालंय सगळं, जा बिनघोर.' चाळीस वर्षांनी त्या कारकुनाचा आवाज माझ्या तोंडून निघाला होता, आणि मला तो ओळखूही आला नव्हता.

सुटी संपायच्या आत मी नियम लिहून काढायला बसलो. वाटले होते, अर्ध्या तासाचे काम. दोन रात्री बसलो, तरी जमेना. कारण नियम नव्हतेच. जुनी नावे एकेक करून तपासली तेव्हा दिसले की, काही मुले खरोखर गरजू होती. काहींचे वडील माझ्या ओळखीचे होते. काहींच्या आया नीट बोलणाऱ्या होत्या. मी पैशाला शिवलो नव्हतो. तरीही माझी वही म्हणजे एक मान्यताप्राप्त नावांची यादीच होती, आणि ती ज्या आज्ञावलीतून तयार होत होती ती इतरांना बंद होतीच, पण मलाही बंद होती. बंद दाराचा हा तोटा मला कोणी सांगितला नव्हता. आत काय चालले आहे, ते आतल्या माणसालाही दिसेनासे होते.

शेवटी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन नऊ नियम तयार केले. मराठीत आणि कन्नडमध्ये फलकावर लावले. चार दिवसांनी ते गवंडी पुन्हा आले. "लेकीकडनं वाचून घेतलं सर," म्हणाले. त्या नियमांप्रमाणेही त्यांच्या मुलीचा क्रमांक लागत नव्हता, कारण पक्के घर असल्यास गुण कमी, असा सहावा नियम होता. ते म्हणाले, "सर, गवंड्याचं घर पक्कं असायचंच. माझ्या हातानं रविवारी रविवारी बांधलंय. शिमीट अजून उधारीवर हाय. घर बघून गरिबी कशी कळंल?"

आम्हा पाच शिकलेल्या माणसांना हे सुचले नव्हते. वही खणात असती तर सुचलेही नसते. सहावा नियम आम्ही बदलला. बदलल्याची तारीख खाली लिहिली आणि जुना नियमही फाइलला ठेवला. पुढच्या महिन्यात आणखी एका पालकाने तिसऱ्या नियमावर हरकत घेतली. ती आम्हाला पटली नाही. का पटली नाही, ते लिहून लावले.

लॅपटॉप उत्तम चालतो आहे. सकाळी बटण दाबले की काळ्या पडद्यावर क्षणभर काही अक्षरे उमटतात आणि जातात. मला ती अजून कळत नाहीत.